कोहेन-सान फाटकाबाहेर उभे होते

टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसायचा त्याचं आडनाव कोहेन. इथे मी कुणाचंच नाव देणार नाही, माझंही नाही. पण हे आडनाव द्यावंच लागतंय, कारण सगळी भानगड त्या आडनावाचीच आहे. कोहेन म्हणजे पुरोहित. ज्यू लोकांत हे आडनाव आपल्याकडच्या जोशी-कुलकर्ण्यांइतकं सर्रास, आणि ज्याचं ते असेल तो त्यांच्या जुन्या मंदिरातल्या पुरोहितांच्या वंशातला, असं मानतात. हे त्यानेच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

दोन हजारच्या दशकातली ती मधली वर्षं. पुण्या-मुंबईहून आमच्यासारखे इंजिनियर टोकियोत खोऱ्याने येत होते. मी, बायको आणि तीन वर्षांची लेक असे आम्ही ओजिमाच्या सरकारी वसाहतीत सातव्या मजल्यावर राहायचो. कोहेन इंग्लंडहून आलेला. टीममध्ये परदेशी असे आम्ही दोघंच. कॅन्टीनमधल्या प्रत्येक वाटीत मासा नाहीतर डुक्कर, त्यामुळे त्याचंही तिथे जमेना आणि माझंही. मग बारा वाजले की खिडकीशेजारच्या टेबलावर तो उकडलेली अंडी आणि पाव घेऊन बसायचा, मी पोळीभाजीचा डबा उघडायचो. अशी आमची दोस्ती झाली. दोस्तीच होती ती, नाही कशाला म्हणू.

त्याच्या टेबलाला जे पार्टिशन होतं त्यावर त्याने एक कागद टाचला होता. त्याच्या आईने ईमेलने पाठवलेली यादी. जगातले नामवंत कोहेन. कुणी गणिती, कुणी न्यायाधीश, कुणी गाणारा, कुणी डॉक्टर, आणि चक्क एक मुष्टियोद्धा. आडनाव तेच, नाहीतर त्याच घराण्यातून फुटलेलं दुसऱ्या उच्चाराचं. रोज जेवताना तो त्यातल्या एकाची गोष्ट सांगायचा. आज गणिती, उद्या न्यायाधीश. सांगायचा असा, की जणू कालच त्यांच्याकडे चहाला जाऊन आलाय.

आमचे जपानी सहकारी त्या कागदापाशी थांबायचे. "सुगोई!" म्हणजे काय भारी! "कोहेन-सान, हे सगळे तुमचे नातेवाईक?" तो खांदे उडवायचा. "लांबचे." आणि हसायचा. मग त्यातलं कुणीतरी माझ्याकडे वळून सौजन्याने विचारायचं, तुमच्या आडनावाचे कोण आहेत?

माझ्या नाकाला अशा काही मिरच्या झोंबल्या म्हणता! त्या शनिवारी घरी कॉम्प्युटरवर बसलो आणि माझं आडनाव टाकून शोधलं. तीन दाताचे डॉक्टर निघाले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर निघाले, आणि एका गृहस्थांनी मूळव्याधीवर घरगुती उपचारांची पुस्तिका लिहिलेली निघाली. बायको मागून वाचत होती. ती इतकी हसली की लेक झोपेतून उठली.

"अरे, किती जळशील त्याच्यावर?" ती म्हणाली.

"मी कशाला जळू? माझं काय अडलंय?"

जळत होतो. साध्या शब्दांत सांगायचं तर जळत होतो, आणि त्याचं कारण तो कागद नव्हता. माझ्या आडनावाचा अर्थही पुरोहितच. आणि माझा बाप नुसत्या आडनावाचा नव्हे, खराखुरा भटजी होता.

आप्पा मंगलकार्याचे भटजी. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण. पुण्यात मोपेडवर पुढे पिशवी अडकवून दिवसाला चार चार घरं करायचे. लोक दारातच म्हणायचे, "भटजी, जरा लवकर आटपा हं, मंडळींना ऑफिस आहे." मंगलाष्टकं चालू असताना मागे गप्पांचा फड. कॅमेरावाला त्यांना "जरा सरका" म्हणून हाताने बाजूला करायचा. सातवीत असताना वर्गातल्या एकाच्या मुंजीला गेलो, तर होमापाशी आप्पा. मी मित्रांबरोबर पंगतीत बसलो आणि जेवण होईपर्यंत मान वर केली नाही. त्यांनी मला पाहिलं होतं. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "जिलबी मिळाली का रे?"

तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगायचो, वडील शिक्षक आहेत. कॉलेजात तेच, कंपनीत तेच. टोकियोत आल्यावर कोहेनलाही तेच सांगितलं. ओजिमातल्या मराठी मंडळींच्या गणपतीला पूजेची सीडी लावायचे. यजमान एकीकडे, सीडी दुसरीकडे, कशाचा कशाला मेळ नाही. मला ती पूजा अथपासून इतिपर्यंत पाठ होती. तरी मी आपला कोपऱ्यात मोदकाची प्लेट धरून उभा. माहीत असणाऱ्या एकट्या बायकोने डोळ्यांनी खुणावून पाहिलं, मग नाद सोडला.

आणि हा कोहेन! शनिवारी त्यांच्या प्रार्थनेच्या जागी पोथी वाचायला पहिलं बोलावणं कुणाला, तर कोहेनला. जमलेल्यात कुणी प्रोफेसर असो की राजदूत, मान आधी कोहेनचा. सणाला तो पुढे उभा राहून, दोन्ही हात पसरून सगळ्यांना आशीर्वाद देतो, आणि लोक माना खाली घालतात, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. "माझे आजोबा द्यायचे, वडील देतात, इथे मी देतो," तो अंडं सोलत म्हणाला होता. दिवसभर माझ्यासारखाच बँकेचा कोड लिहिणारा माणूस! याच्याकडच्या पुरोहिताला पहिलं बोलावणं, आणि आमच्याकडच्याला लवकर आटपा. असं का? कुणाला विचारणार होतो मी हे? ज्याने बापाला शिक्षक करून टाकलं, त्याने हे विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

हिवाळ्यात बातमी आली. आमच्या प्रोजेक्टचा टप्पा मार्चमध्ये संपत होता. पुढच्या टप्प्याला परदेशी माणूस एकच ठेवणार, टीमचा लीड म्हणून, दोन वर्षांसाठी. दुसऱ्याने आपापल्या देशी परत. निवड आमचे काचो करणार होते. काचो म्हणजे सेक्शनचे साहेब. मोजकं बोलणारे, पन्नाशीचे, टेबलावर एक कागद वाकडा पडू न देणारे.

ती जागा मला हवी होती. लेकीला वर्षभर थांबून नुकती पाळणाघरात जागा मिळाली होती. बायकोला इथल्या शाळेत नोकरी लागली होती आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती सकाळी गुणगुणत घराबाहेर पडायची. कोहेनलाही ती हवी होती. त्याची बायको इथे एका बाईंकडे व्हायोलिन शिकत होती, शिक्षण अर्ध्यावर होतं. काम त्याचं माझ्यापेक्षा सरस, हे मलाही कळत होतं. जपानी माझं बरं. आम्ही दोघंही त्या विषयावर जेवताना बोलायचो नाही. तो कोहेनांच्या गोष्टी सांगायचा आणि मी भाजी चिवडायचो.

फेब्रुवारीत काचोंच्या आई गेल्या. ऑफिसात नोटीस लागली, अंत्यविधी गुरुवारी सकाळी अकराला. सगळ्या सेक्शनने जायचं हे न सांगता ठरलेलं. मी काळा सूट काढला, काळा टाय स्टेशनजवळच्या शंभर येनच्या दुकानातून घेतला. कोहेन आणि मी ट्रेनने एकत्रच निघालो. गाडीत त्याने दोनदा विचारलं, "शव तिथेच असतं का? त्याच हॉलमध्ये?" मी म्हटलं, हो, समोर पेटी ठेवतात, तिच्यापुढे एकेकाने जाऊन धूप घालायचा, हात जोडायचे.

हॉलच्या फाटकाशी आल्यावर तो थांबला. "मी आत येऊ शकत नाही," म्हणाला. "सांगायला बसलो तर विधी संपून जाईल. मी इथे उभा राहतो. मी आलोय, एवढं त्यांना सांग."

आणि तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. हात पुढे बांधलेले, मान खाली. वारा असा की कान तुटून पडावेत.

मला त्या क्षणी कळलं. त्याने काही सांगायची गरजच नव्हती. कारण हे असं उभं राहणं मी लहानपणापासून बघितलं होतं. आमच्या आळीत कुणी गेलं की आप्पा त्या घरात पाऊल टाकायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला, मुंजीला उभं राहायचं असायचं. मग ते कोपऱ्यावर चप्पल काढून, हात बांधून, मान खाली घालून उभे राहायचे, तिरडी निघून जाईपर्यंत. तिरडी जवळ आली की आणखी मागे सरकायचे. मग घरी येऊन अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ. लोक नावं ठेवायचे, भटजीला माणुसकी नाही म्हणायचे. आप्पांनी कधी कुणाला समजावलं नाही. कोहेन तसाच उभा होता, पायांतलं अंतरसुद्धा तेवढंच.

मी आत गेलो. रांगेत धूप घातला. काचोंपुढे वाकून, कोहेन-सान बाहेर आलेले आहेत, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. शेवटी पेटी बाहेर आणली तेव्हा सगळे दोन्ही बाजूंना हात जोडून उभे राहिले. काचोंच्या हातात आईचा फोटो. पेटी फाटकाकडे येऊ लागली तसा कोहेन वळला आणि भराभर रस्ता ओलांडून पलीकडे गेला. सगळ्या सेक्शनने पाहिलं. काचोंनीही पाहिलं. आमच्या टीममधली एक वयस्क बाई "अरारा" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटली. निघताना प्रत्येकाच्या हातात त्यांनी मिठाची एकेक पुडी दिली. प्रेताला जाऊन आलं की घरात शिरण्याआधी ते अंगावर टाकायचं, म्हणजे विटाळ जातो. म्हणजे बघा, हे लोकही तेच मानणारे. त्यांना समजवायला एक वाक्य पुरलं असतं.

पुढच्या आठवड्यात काचो कामावर आले. मला बाजूला बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोहेन-सान त्या दिवशी... काही कारण होतं का?"

एक वाक्य. तो पुरोहितांच्या घराण्यातला आहे, त्या लोकांना मृताजवळ जाता येत नाही, म्हणून तो थंडीत तासभर उभा राहिला. हे सगळं मला जपानीत नीट सांगता येत होतं. ओठांवर आलंही होतं. आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे आला तो कागद, ते पहिलं बोलावणं, ते पसरलेले हात. मनात म्हटलं, होऊ दे. एकदा तरी याच्या घराण्याचा याला तोटा होऊ दे.

"साआ..." मी मान तिरकी केली. जपानी माणूस अंग काढून घेताना करतो तशी. "मला माहीत नाही."

"सोऽ देस का," म्हणजे असं होय, एवढंच काचो म्हणाले, आणि जागेवर गेले.

कुजबुज कोहेनच्या कानावर पोचायला दोन दिवस लागले. तो तडक काचोंकडे गेला आणि इंग्रजीतून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. जेवताना त्याने मला सांगितलं, "त्यांना ती सबब वाटली बहुतेक. म्हणाले, तुमच्या मित्राला तर असं काही माहीत नव्हतं." मी डब्यातल्या भेंडीकडे बघत राहिलो. तो हसला, जरा कोरडंच. "तुला कसं माहीत असणार? मी कधी सांगितलंच नव्हतं. गणिती सांगितले, मुष्टियोद्धे सांगितले, कामाचं तेवढं राहिलं. चूक माझीच."

आणि त्याने मला एक अंडं देऊ केलं. मी खात नाही हे विसरून. इतका तो दुसऱ्याच विचारात होता.

मार्चच्या सुरुवातीला काचोंनी जागा मला दिली. बायकोने गोडाचा शिरा केला. मी पुण्याला फोन लावला, तर आप्पा म्हणाले, "जपानात साहेब झालास! आता तिथे सत्यनारायण घाल एक." मी म्हटलं, "इथे भटजी कुठून आणू आप्पा?" ते म्हणाले, "हो, तेही खरंच."

ते आमचं शेवटचं बोलणं. पाचव्या दिवशी ते गेले. पूजा सांगता सांगता, यजमानांच्या घरीच. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं, अग्नी चुलतभावाने दिला होता. दिवस केले. तेराव्याला लोक आले, इतके आले की मांडवात मावेनात. ज्यांची लग्नं त्यांनी लावली होती ते आपल्या मुलांना घेऊन आले होते. मी मुंडण केलेल्या डोक्याने दारात उभा होतो आणि अनोळखी माणसं माझे हात धरून सांगत होती, तुझे वडील म्हणजे काय होते. मला सांगत होती! मला!

टोकियोत परतलो त्या रविवारी कोहेन आमच्या घरी आला. चार दिवसांनी तो इंग्लंडला परत जाणार होता. बायकोने दार उघडलं. त्याने बूट काढले, सोफ्यावर न बसता खाली जमिनीवर बसला, आणि म्हणाला, "आमच्याकडे रीत आहे. ज्याचं माणूस गेलं त्याच्याशी आलेल्याने आधी बोलायचं नाही. तो बोलेपर्यंत नुसतं बसायचं. तो नाही बोलला तरी चालतं."

आणि तो गप्प झाला. मी त्याच्यासमोर बसलो. आतल्या खोलीत लेक बाहुलीला जपानीतून रागे भरत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला वाटलं, आता आपण सांगावं. काचोंनी काय विचारलं आणि मी काय म्हटलं, ते सांगून मोकळं व्हावं. तोंड उघडलं तर दुसरंच बाहेर आलं.

"माझे वडील शिक्षक नव्हते," मी म्हटलं. "पुरोहित होते."

त्याने मान वर केली. मग मला थांबवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी आप्पांबद्दल परक्या माणसाशी बोलत होतो आणि मला कौतुकाचं भरतं आलं होतं. त्यांचा आवाज कसा होता, तीनशे माणसांच्या गलक्यात मंगलाष्टकांचा एक शब्द कसा चुकायचा नाही, पहाटे चारला थंड पाण्याने आंघोळ, कुणाकडचं काय खायचं, काय नाही, ते नेम. आणि कसे ते प्रेताच्या घरात कधी पाऊल टाकायचे नाहीत, कोपऱ्यावर हात बांधून उभे राहायचे, तिरडी आली की मागे सरकायचे, लोक नावं ठेवायचे तरी... रडत रडत सांगत होतो मी. आणि बोलता बोलता मला कळलं, मी काय बोलून बसलो ते.

मी थांबलो. कोहेन माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. हिशेबात राहून गेलेली गोष्ट सापडल्यावर माणूस बघतो तसा.

"म्हणजे तुला कळलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी. फाटकापाशी."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली भांडी थांबली.

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं, उठेल. मी त्याच्या जागी असतो तर उठलो असतो, दार आपटून गेलो असतो, वर चार शब्दही ऐकवले असते. तो उठला नाही. पुन्हा मान खाली घातली आणि बसून राहिला, आणखी दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, माझ्या बापासाठी.

देवाशपथ सांगतो, तेव्हासुद्धा मला आधी लाज नाही वाटली. आधी त्याचा हेवा वाटला.